ओंजळभर कोंड्याचं नाव

माणसाला आडनाव असावं लागतं, ही बातमी लोहाऱ्यातल्या निम्म्या घरांत माझ्या वडिलांनी पोचवली. निजामाचं राज्य गेलं होतं, शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली होती, पण जुने दाखले सगळे उर्दूत होते आणि त्यांत आडनाव ही भानगडच नव्हती. अमका वल्द तमका, साकिन लोहारा, म्हणजे तमक्याचा मुलगा, राहणार लोहारा, एवढ्यावर मुलगा शाळेत बसायचा आणि पास होऊन बाहेर पडायचा. आता वरून छापील रजिस्टर आलं. त्यात मुलाच्या नावाचा एक रकाना, बापाच्या नावाचा दुसरा आणि आडनावाचा तिसरा. तो तिसरा रकाना भरायचं काम नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गळ्यात पडलं. ते शाळेत गुरुजी होते आणि त्यांचं अक्षर चांगलं होतं, एवढाच त्यांचा गुन्हा. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते रोज सकाळी टोपी चढवून निघायचे आणि त्यांच्यामागं दौत सांभाळत मी. मला कुणी बोलावलेलं नसायचं. पण लोकांच्या घरात डोकावण्याची एवढी राजरोस संधी मी थोडीच सोडणार होते! मी अकरा वर्षांची होते आणि गावात भोचक म्हणून माझी चांगली ख्याती होती.

आडनाव काय, असं विचारलं की माणसं जी काय गोंधळायची! एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "आडनाव न्हाय गुर्जी. आमी गरीब मानसं." जणू आडनाव म्हणजे बैलजोडी, असली तर असली. एका घरात दोन सख्खे भाऊ, थोरल्यानं मुलाचं आडनाव पाटील सांगितलं, धाकट्यानं बिराजदार. नाना म्हणाले, "अरे, एकाच चुलीवर जेवता ना?" धाकटा म्हणाला, "जेवताव की. पर वाटनी व्हायची हाय. मग वळखू याया नगं?" वाघमाऱ्यांच्या घरी मी न राहवून विचारलं, की वाघ नेमका कुणी मारला. त्यांचे आजोबा बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "वाघ कशाचा पोरी, तरस हुतं. पर तरसमारे कोन लावतंय?" आम्ही ज्यांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो ते शिवलिंगप्पा किराणावाले. त्यांनी नानांनाच कोड्यात टाकलं. "अड्ड हेसरु म्हनता का? दुकानावर एक हाय, मठात एक सांगताव, अन् सासुरवाडीत तिसरंच चालतंय. तुमाला कंचं सोयीचं पडतंय, ते लिवा." नानांनी कपाळाला हात लावला आणि दुकानावरचं लिहिलं.

आमचं स्वतःचं आडनाव बेंबळीकर. ते मिळालं लोहाऱ्यातच. बेंबळीत कोण कुणाला बेंबळीकर म्हणणार? सगळेच तिथले. नाना नोकरीसाठी गाव सोडून इकडं आले तेव्हा लोकांनी त्यांना गावाचं नाव चिकटवलं, आणि रजिस्टर आलं तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या हातानं पक्कं केलं. गाव सोडल्याशिवाय गावाचं नाव मिळत नाही, हे मला तेव्हा फार गमतीचं वाटायचं. माझ्या सासरचं आडनावही असंच एका गावाचं. आता नातवंडं पुण्याला आणि त्याहून लांब राहतात. त्यांनी ते गाव पाहिलेलंसुद्धा नाही. पण नाव तेच लावतात.

तर त्या उन्हाळ्यात मी एक वही केली. शाळेच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून शिवलेली. डाव्या बाजूला नाव आणि उजव्या बाजूला ते कशावरून पडलं ते. गुरुवारी झाला म्हणून दत्तू. नवसाचा म्हणून खंडू. पाठोपाठ चौथी मुलगी झाली म्हणून शेवटाबाई, आणि तिच्यानंतरही दोन मुली झाल्या, हे मी कंसात लिहून ठेवलं होतं. माझी आई भाकरी थापता थापता हे सगळं ऐकायची आणि हसायची. आमच्या घरात आवाज असायचे ते एवढेच. पुढं दुकानात मापटं पालथं पडल्याचा, आत आईच्या हातांचा, आणि मागच्या गल्लीतून दिवसभर बांबू उभा फाटल्याचा चर्रर आवाज. मागं बुरुडगल्ली होती. सकाळच्या भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, आठवड्यातून दोनदा अंबाडीची भाजी आणि शिवलिंगप्पांच्या घरून कधीमधी आलेली गव्हाची गोड हुग्गी, असं आमचं खाणं. सगळ्यांच्या नावाचं कूळ मी वहीत मांडलं. एकच ओळ उजव्या बाजूला कोरी होती. ती माझी.

माझं नाव कोंडाबाई होतं.

शाळेतली पोरं मला कोंडी म्हणायची, तेही ओरडून. आईला विचारलं की ती म्हणायची, "देवाचं नाव हाय. तुला काय त्रास व्हतोय त्येचा?" कोणत्या देवाचं, हे ती सांगायची नाही. नानांना विचारलं तर ते एकदम तपकिरीची डबी शोधायला लागायचे. शेवटी मी नागव्वाकडं गेले.

नागव्वा बुरुडीण. माझ्या आईहून वीसेक वर्षांनी मोठी, उंच, कपाळभर विभूती लावलेली. नवरा कधीच वारला होता आणि तिला मूलबाळ नव्हतं. ती सुपं, टोपली, डाली विणायची आणि तोंडानं अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायची. मला ती कोंडी म्हणायची नाही, कोंडाबाई पण नाही. "बा इल्ली, मगळ," म्हणायची. बा इल्ली म्हणजे ये इकडं, मगळ म्हणजे लेक, एवढं कानडी लोहाऱ्यात शेंबड्या पोरालाही यायचं. वेळ अमावास्येला, शेताच्या पूजेच्या दिवशी, आम्ही शिवलिंगप्पांच्या शेतावर जेवायला जायचो. तिथून परत आलं, की आई एका भांड्यात भाज्या-दाण्यांची भज्जी, वर बाजरीचे चार उंडे आणि वेगळ्या लोट्यात आंबील असं माझ्या हातून नागव्वाकडं पाठवायची. नागव्वा त्यातला पहिला घास स्वतः खायची नाही. मला शेजारी बसवून माझ्या तोंडात घालायची. माझं पोट तुडुंब भरलेलं असायचं तरी मी तो खायची. तिच्या हाताला हिरव्या बांबूचा वास असायचा. आपल्यावर कुणीतरी विनाकारण एवढी माया करतंय, याचं त्या वयात नवल वाटत नाही. ते आपल्याला मिळायचंच, असं वाटतं.

"नागव्वा, माझं नाव कोंडाबाई का?" मी वही उघडून विचारलं.

तिनं कोयता खाली ठेवला. "तुज्या आईनं सांगितलं न्हाय? आं? मग मी सांगते. म्याच ठिवलंय."

आणि पुन्हा कोयता घेऊन तिनं बांबूच्या कामट्या तासता तासता सगळं सांगितलं. माझ्या आधी आईला तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. माझ्या वेळी नाना गुलबर्ग्याला ट्रेनिंगला होते. बाराव्या दिवशी आई मला पदराखाली घेऊन बुरुडगल्लीत आली आणि तिनं मला उकिरड्याच्या कडेला ठेवून पाठ फिरवली. नागव्वानं मला नव्या सुपात उचललं, आईच्या ओटीत ओंजळभर कोंडा टाकला आणि विकत घेतलं. "सटवाई आली तर तिला दिसाया पायजे, हे लेकरू त्या बाईचं न्हाय, बुरुडनीचं हाय. कोंड्याला घेतलंय. असल्या लेकराला कोन न्हेतंय? मग म्या तुला मांडीवर घिऊन घटकाभर बसले, अन् म्हनले, गुर्जीन बाई, माजी लेक जरा सांबाळा." तिनं वर बोट दाखवलं. आढ्याला धुरानं काळं झालेलं एक सूप टांगलं होतं. त्यातून तिनं एक दाणाही कधी पाखडला नव्हता. "तवाधरनं तू माजी. तिकडं नुसती वाढाया ठिवलीया."

मला खरं सांगायचं तर दुःखबिख काही झालं नाही. मला आनंद झाला. वहीतली इतर सगळी नावं माझ्या नावापुढं फिकी पडली. गावात विकली गेलेली एवढी एकच मी! मी धावत घरी येऊन आईला विचारलं, "आई, तू मला खरंच विकलंस?" आईचे हात भाकरीवर थांबले. "तिनं सांगितलं व्हय," एवढंच म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली. आज मला एका गोष्टीचं फार नवल वाटतं. जिच्या घरचं पाणी आई प्यायची नाही, तिच्या सुपात तिनं पोटची पोर घातली होती. आणि त्यात तिला काही अवघड वाटलं नव्हतं.

आनंद टिकला आठ दिवस. मी चौथी पास झाले होते आणि पाचवीला मला उमरग्याला मामाकडं पाठवायचं ठरलं होतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागणार होता. नाना म्हणाले, "आता दाखल्यावर जे नाव जाईल ते जन्मभराचं. मॅट्रिकला तेच, नोकरीला तेच. काय लावायचं सांग." मी क्षणाचाही विचार केला नाही. मागच्या वर्षी शाळा तपासायला साहेब आले होते, त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी होती, दोन वेण्यांना रिबिनी बांधलेली. तिचं नाव नलिनी. उमरग्याच्या शाळेत हजेरीच्या वेळी कोंडाबाई म्हणून उभं राहायचं आणि सगळा वर्ग हसायचा, हे मला नको होतं. मी म्हणाले, "नलिनी." नाना खूश झाले. त्यांना ते कोंड्याचं प्रकरण कधीच आवडलेलं नव्हतं.

आई मात्र तव्यापासून उठली. "न्हाय. नाव न्हाय बदलायचं."

"अगं, नाव बदलल्यानं कुणी मरत नाही."

"तुमाला काय ठावं? तुमी गुलबर्ग्याला हुता."

नानांनी तपकिरीची डबी काढली. आई माझ्याकडं वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज अगदी हळू. "तुज्या आदी तिगं झाली. लई चांगली नावं ठिवली हुती म्या. चांगल्या नावाची तिगं गेली. वंगाळ नावाची तू राह्यलीस." ती नावं कोणती, हे मला वहीसाठी विचारावंसं वाटलं. माझ्यासारखीलासुद्धा ते विचारवलं नाही.

चार दिवस घरात अबोला होता. मी रडले, जेवले नाही, म्हणजे शेंगदाणे खाल्ले पण भाकरी खाल्ली नाही. पाचव्या दिवशी आईच म्हणाली, "नाव माझं न्हाय अन् तुमचं बी न्हाय. जिनं इकत घेतलं तिचं हाय. लगीन करायच्या आदी लेकरू परत मागत्यात, तसं आत्ताच मागू. तिनं राजीखुशीनं दिलं तर घ्या. चोरून लिवलेलं मला चालायचं न्हाय." नाना हो म्हणाले. मला वाटलं, एवढंच ना! नागव्वा माझ्यासाठी काय देणार नाही?

शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो. आईनं ताटात खण, नारळ, ज्वारी घेतली होती आणि वाटीत ओंजळभर कोंडा. नाना टोपी हातात घेऊन लिंबाखाली उभे राहिले. नागव्वा बांबू फाडत बसली होती. ताट पाहिलं आणि तिला सगळं कळलं, तरी तिनं हात थांबवला नाही.

आई अंगणात उकिडवी बसली. एरवी ती नागव्वाला अगं-तुगं करायची. आज म्हणाली, "नागव्वाबाई, आमचं लेकरू आमाला द्या."

"कंचं लेकरू?" असंच विचारायचं असतं म्हणे. आईनं तीनदा मागायचं आणि तिसऱ्यांदा नागव्वानं हो म्हणायचं.

"आमचं लेकरू आमाला द्या."

"तुमचं लेकरू हितं न्हाय बाई. हितं हाय ती माजी हाय. इकत घेतलीया."

तिसऱ्यांदा आईनं मागितलं. नागव्वा बांबू फाडतच राहिली. नुसता चर्रर आवाज. बांबू संपला तेव्हा तिनं दुसरा ओढला. लिंबाखाली नाना चुळबुळले. मग आई एकदम विधीबाहेरचं बोलली. "नागव्वा, तू न्हाय म्हनलीस तर मी फिरून मागनार न्हाय. हाय ते नाव ऱ्हाऊ दे. मला बी तेच बरं वाटतंय बघ." तिच्या बोलण्यात विनवणी होती, पण ती द्या म्हणून नव्हती. देऊ नको म्हणून होती. हे मला तेव्हासुद्धा कळलं आणि मी घाबरले. आता या दोघी मिळून मला कोंडाबाई ठेवणार!

नागव्वानं कोयता बाजूला ठेवला आणि आईला नाही, मला विचारलं. "मगळ, तुला पायजे का ते दुसरं नाव?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. तिला दुसरं कुणी नव्हतं, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही. पण मी अकरा वर्षांची होते आणि मला नलिनी व्हायचं होतं. मी मान डोलावली.

ती उठली. आढ्याचं सूप काढलं, त्यावरची जळमटं पदरानं पुसली आणि खाली ठेवलं. मी काय आता सुपात मावणार! तिनं मला त्यात दोन्ही पावलं ठेवून उभं केलं. आईनं वाटीतला कोंडा तिच्या ओटीत ओतला. नागव्वा म्हणाली, "घ्या तुमचं लेकरू," आणि माझ्या खांद्याला धरून मला सुपातून बाहेर काढलं. मग दोन्ही हातांत माझं तोंड धरून ती इतका वेळ बघत राहिली, की मला अवघडल्यासारखं झालं.

"ऐक," ती म्हणाली. "आता फिरून मी तुज्याकडं बघनार न्हाय. परत दिलेल्या लेकराला आपलं म्हनून बघितलं तर त्येला लागतंय. जिवावर येतंय. राग आला म्हनून न्हाय बघनार, असं समजू नगंस."

मी हो म्हणाले. मला ते म्हातारीचं काहीतरी बोलणं वाटलं. तिनं सूप चुलीत घातलं, कोंडा उकिरड्यावर झटकला आणि आमच्याकडं पाठ करून कामट्या तासायला बसली. परत येताना आई वाटभर माझं मनगट धरून चालत होती, जणू मी आत्ताच जन्मले होते. त्याच दुपारी नानांनी दाखला लिहिला. नलिनी वामन बेंबळीकर. शाई वाळेपर्यंत मी ते नाव दहा वेळा मोठ्यानं वाचलं.

उमरग्याला कुणी हसलं नाही. ते नाव मला छान शोभलं, पुढं शिक्षिका झाले तेव्हाही शोभलं. आजही कुणी नलिनीताई म्हणून हाक मारली की मी लगेच वळून बघते. नावाबद्दल मला पस्तावा नाही. तसं म्हणणं ढोंग होईल.

दिवाळीत घरी आले. पिशवी टाकली आणि तशीच बुरुडगल्लीत पळाले. नवीन फ्रॉक होता, पहिल्या चाचणीत दुसरा नंबर होता, नागव्वाला काय काय सांगायचं होतं. तिचं ते जिवावर येण्याचं बोलणं मी पार विसरून गेले होते. ती दारात बसून टोपल्याचा काठ बांधत होती. मी म्हणाले, "नागव्वा, मी आले!"

ती उठून उभी राहिली. आतून एक पोतं आणलं, झटकलं आणि अंगणात अंथरलं. गिऱ्हाइकासाठी अंथरतात तसं. "बसा बाई," ती म्हणाली. नजर पोत्यावर. "कवा आलाव?"

"नागव्वा, मी आहे. मी!"

"व्हय की. गुर्जीच्या नलूताई." तिनं खाली बसून पुन्हा काठ हातात घेतला. "काय पायजे? सूप देऊ का टोपलं?"

 मी नुसती तिच्या कपाळावरच्या विभूतीकडं बघत राहिले, की आता वर बघेल, मग हसेल. तिनं वर बघितलं नाही. मी म्हणाले, "टोपलं." तिनं ढिगातली चार-पाच टोपली बाजूला सारली, एक निवडलं, त्याच्या काठावरून आतबाहेर तळहात फिरवून कुठं कुसळ टोचत नाही ना ते पाहिलं, आणि मान खाली ठेवूनच ते माझ्याकडं सरकवलं.  ते टोपलं छातीशी धरून मी भर गल्लीत रडत घरी आले. आईनं विचारलं नाही. तिला माहीत होतं.

त्यानंतर नागव्वा अकरा वर्षं जगली. मी प्रत्येक सुट्टीत तिच्या दारात गेले, लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर गेले, कडेवर मुलगी घेऊन गेले. मुलीला तिनं डोळे भरून पाहिलं, तिची बोटं धरली, तिला मगळ म्हणाली. माझ्याकडं तिनं एकदाही मान वर करून बघितलं नाही.

माझ्या जिवावर कधी काही आलं नाही. मी ऐंशी ओलांडली आहे.